घाटमाथ्यावरचा पाऊस, नाथसागराचं पाणी : डोंगरांवर नेमकं काय संशोधन चालतं आणि ते आपल्या कामाचं का?

बिडकीन : जुलै महिना लागला की आपल्या भागात एक गोष्ट दरवर्षी दिसते. पारावर, चहाच्या टपरीवर, बाजाराच्या दिवशी लोक आपल्या गावच्या पावसाबरोबर आणखी एका पावसाची चौकशी करतात. "घाटावर पडला का? भंडारदरा किती झालं? नांदूर मधमेश्वरातून किती सोडलं?" आभाळ आपल्या डोक्यावर कोरडं असलं तरी दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या डोंगरात पाऊस लागलाय म्हटल्यावर जीव भांड्यात पडतो.

ही चौकशी उगाच नाही. जायकवाडीचं धरण पैठणला असलं तरी ते भरायचं की नाही, हे बऱ्याच अंशी सह्याद्रीच्या डोंगरावर ठरतं. म्हणूनच त्या डोंगरावरचे ढग, दगड, माती, जंगल यांवर शास्त्रज्ञ काय काम करतात, हे बिडकीन, पैठण, गंगापूरच्या माणसाला माहीत असायला हवं. त्याचीच ही सोप्या शब्दांत माहिती.

नाथसागरात पाणी येतं कुठून?

जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झालं. धरणाची भिंत जवळपास १० किलोमीटर लांब, दरवाजे २७, पूर्ण पातळी १५२२ फूट. एकूण साठवण सुमारे १०२ टीएमसी. त्यातला जिवंत म्हणजे वापरता येणारा साठा सुमारे ७६ टीएमसी, बाकीचा मृतसाठा.

या धरणाच्या वरच्या बाजूचं पाणलोट क्षेत्र २१ हजार चौरस किलोमीटरहून जास्त आहे. पण या क्षेत्रात सगळीकडं सारखा पाऊस पडत नाही. खरा जोराचा पाऊस पडतो तो पश्चिमेच्या कडेच्या अरुंद डोंगरपट्ट्यात. गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर. दारणा येते इगतपुरीच्या बाजूनं. प्रवरा निघते रतनगडाच्या परिसरात, तर मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूनं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) याच भागात, अकोले तालुक्यात. नाशिककडचं पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून खाली येतं. अकोल्याकडचं पाणी भंडारदरा, निळवंडे, मुळा ही धरणं भरल्यावर प्रवरासंगमला गोदावरीत मिसळतं.

छत्रपती संभाजीनगर शहर, वाळूजपासूनच्या औद्योगिक वसाहती आणि आता बिडकीनच्या सुमारे ७,८०० एकरांवरची ऑरिक औद्योगिक नगरी, या सगळ्यांची मदार याच पाण्यावर. पैठण रस्त्याला दिसणाऱ्या मोठ्या जलवाहिनीचं एक टोक शहरात असलं, तर दुसरं टोक एका अर्थानं ब्रह्मगिरी आणि रतनगडावर आहे.

पाऊस घाटातच का अडतो?

अरबी समुद्रावरून आलेलं ओलं वारं सह्याद्रीच्या भिंतीला धडकतं आणि वर चढतं. वर जाताना हवा थंड होते, तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात आणि पाऊस कोसळतो. डोंगर ओलांडून तीच हवा खाली उतरते तेव्हा ती तापते, ढग विरतात. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. शाळेच्या भूगोलात महाबळेश्वर आणि वाईचं उदाहरण असतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिथून घाट उतरून वाईला आलं की हजाराच्याही आत. आपला जिल्हा तर त्याच्याही बराच पूर्वेला. इथं सहाशे-सातशे मिलिमीटर पडला तरी साल बरं गेलं म्हणायचं.

पण ढगाच्या पोटात नेमकं काय होतं? काही ढग नुसतेच डोक्यावरून निघून जातात, काही बरसतात, असं का? हे बघण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१२ मध्ये महाबळेश्वरला एक खास प्रयोगशाळा सुरू केली. जागा तीच का? कारण पावसाळ्यात तिथं ढग जमिनीला टेकतात. एरवी ढगात उपकरण न्यायचं तर विमान लागतं. इथं ढगच खिडकीतून आत येतो. हवेत धूर, धूळ, समुद्री मीठ यांचे बारीक कण किती आहेत, त्यांच्याभोवती थेंब कसे धरतात, ते किती मोठे झाल्यावर खाली पडतात, याची मोजणी तिथं चालते.

या विषयाशी आपल्या जिल्ह्याचा थेट संबंध आलेला आहे. २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाची विमानं आपल्याच विमानतळावरून उडाली होती. त्यावर उलटसुलट चर्चाही खूप झाली. याच पुण्याच्या संस्थेनं पर्जन्यछायेतल्या सोलापूर भागात मोठा प्रयोग केला. बी टाकलेले ढग आणि न टाकलेले ढग यांची रडार आणि पर्जन्यमापकांनी तुलना केली. त्यात वाऱ्याच्या दिशेनं खालच्या सुमारे १०० चौरस किलोमीटर भागात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. म्हणजे योग्य ढग असेल तर थोडी भर पडते, पण नसलेला ढग आणता येत नाही. दुष्काळावर हा एकमेव उपाय नाही, हे त्या आकड्यातूनच कळतं.

डोंगराचा दगड पाणी धरतो की सोडतो?

सह्याद्री, अजिंठ्याचे डोंगर आणि आपली बिडकीनची जमीन, सगळ्यांचा मूळ दगड एकच : काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेला. डोंगराकडं लांबून बघितलं तर पायऱ्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या.

हा दगड वाळूसारखा पाणी पीत नाही. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात, दगडाच्या सांधी-भेगांत आणि बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेल्या मांजऱ्या खडकात. खाली अखंड काळा पाषाण लागला की पाणी आडवं सरकतं आणि डोंगराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. डोंगरातले झरे एका विशिष्ट उंचीवर ओळीनं का लागतात, याचं उत्तर या थरांत आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठराविक वेळा मोजते. त्यावरूनच कुठल्या भागात किती पाणी मुरलं, किती उपसलं, याचा हिशेब लागतो.

इथं एक फरक लक्षात ठेवावा. आपल्या विहिरीचं आणि बोअरचं पाणी आपल्याच शिवारात पडलेल्या पावसाचं. नाथसागराचं पाणी मात्र मुख्यतः घाटाचं. त्यामुळं धरण भरलं म्हणजे दूरच्या शिवारातली विहीर भरली असं होत नाही, आणि गावात पाऊस झाला म्हणजे धरण भरलं असंही होत नाही.

याच दगडामुळं डोंगरावरच्या माणसाची तऱ्हा उलटी आहे. त्र्यंबक, इगतपुरी, अकोले या तालुक्यांत पावसाळ्यात धो धो पाऊस, पण एप्रिल-मे आला की कित्येक पाड्यांवर टँकर लागतो. पाणी पडतं आणि उतारावरून निघून जातं. जे आपलं धरण भरतं, तेच त्यांच्या हंड्यात उन्हाळ्यात नसतं.

जंगल, माती आणि देवराई

पाणी उतारावरून धावत जायचं की मुरत जायचं, हे वरच्या मातीवर आणि झाडोऱ्यावर ठरतं. जंगलात पालापाचोळ्याची गादी असते, मुळांनी आणि किड्यामुंग्यांनी माती भुसभुशीत झालेली असते. थेंबाचा मार थेट मातीला बसत नाही. कर्नाटकातल्या घाटात ओढ्यांवर मापक यंत्रं बसवून जुनं जंगल, लागवडीचं जंगल आणि उजाड झालेली जमीन यांची तुलना केली गेली. उजाड जमिनीवरून पावसाचा जास्त हिस्सा लगेच वाहून गेला, तर जंगलाच्या मातीत जास्त पाणी मुरलं.

सह्याद्रीतल्या जुन्या जंगलाचे नमुने आज उरलेत ते बऱ्याच ठिकाणी देवराईच्या रूपानं. देवाच्या नावानं राखलेलं रान, जिथं कुऱ्हाड चालत नाही. माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला. गावानं श्रद्धेनं राखलेली झाडं विज्ञानाच्या दृष्टीनंही मोलाची आहेत, हे त्यामुळं पुढं आलं.

डोंगरमाथ्यावरचे उघडे सडे म्हणजे तर पडीक जमीन, अशी समजूत होती. कासचं पठार त्यामुळंच अनेक वर्षं दुर्लक्षित राहिलं. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणं आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा ६२ वनस्पतींची नोंद केली, ज्या उन्हाळ्यात जवळजवळ पूर्ण वाळतात आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरव्या होतात. आधी भारतात अशा फक्त नऊच वनस्पती माहीत होत्या. वाळूनही न मरण्याची ही करामत त्यांच्या पेशींत कशी घडते, हे उमगलं तर उद्या कोरडवाहू पिकांच्या संशोधनाला त्याचा उपयोग होऊ शकतो. मराठवाड्याला यापेक्षा जवळचा विषय कुठला?

गाळ : वरची माती, खालचा तोटा

डोंगर उघडा झाला, रस्त्यासाठी वा प्लॉटिंगसाठी उतार कापला, की माती सुटते. ती ओढ्यातून नदीत आणि नदीतून धरणात येते. पाणी संथ झालं की गाळ तळाला बसतो आणि तेवढी साठवण कायमची कमी होते.

हा गाळ मोजतात कसा? नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी) हे काम उपग्रहाच्या चित्रांवरून करते. पद्धत समजायला सोपी आहे. धरण भरलेलं असताना, अर्धं असताना आणि खाली गेल्यावर पाण्याचा पसारा किती, हे चित्रावरून मोजायचं. त्या त्या दिवशीची पाणीपातळी माहीत असतेच. दोन्ही जुळवून प्रत्येक पातळीला किती पाणी मावतं, हे काढायचं आणि धरण बांधतानाच्या आकड्याशी ताडून बघायचं. जेवढा फरक, तेवढा गाळ. १५२२ फुटांची पातळी आजही तीच आहे, पण त्या पातळीला तळापासून मावणारं पाणी पूर्वीइतकं असेलच असं नाही, हा त्याचा साधा अर्थ.

दरड का कोसळते?

३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेच्या आसपास माणसं दगावली. २०२१ मध्ये महाड तालुक्यातलं तळिये, २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी आधी दिवसच्या दिवस मुसळधार पाऊस झालेला होता. उतारावरच्या मुरमाड मातीत पाणी भरतं, तिचं वजन वाढतं, खालच्या दगडाशी असलेली पकड सुटते आणि सगळा थर एकदम घसरतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग उतार, माती, दगड, जुन्या दरडीच्या खुणा बघून धोक्याचे नकाशे करतो. जमिनीला नवी भेग पडणं, झाडं किंवा खांब कलणं, झऱ्याला अचानक गढूळ पाणी येणं, या खुणा गावकऱ्यांनाही ओळखता येतात. आपला भाग सपाट, दरडीची भीती नाही. पण आपल्यातले कितीतरी जण पावसाळ्यात माळशेज, कन्नडचा घाट, म्हैसमाळ, भंडारदऱ्याला जातात, त्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आपल्या जिल्ह्यातले डोंगर

डोंगर म्हणजे फक्त पश्चिमेचा सह्याद्री नव्हे. त्याचीच सातमाळा-अजिंठा ही रांग आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेनं पूर्वेकडं जाते. शिवना नदी कन्नडच्या डोंगरातून निघून गोदावरीला मिळते, तर शहरातली खाम जटवाड्याच्या डोंगरातून येऊन नाथसागराकडं जाते. म्हणजे खामेच्या उगमाचा डोंगर आणि शहरातलं तिचं पात्र, दोन्हींचे परिणाम शेवटी आपल्याच जलाशयात पोचतात.

कन्नड आणि चाळीसगाव तालुक्यांतलं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. २०२१ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. तो थेट यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेला होता. अंगावरच्या पट्ट्यांवरून ही ओळख पटते, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. मधले डोंगर आणि रानाचे तुकडे अजून थोडेफार जोडलेले आहेत, हे त्या एका वाघानं दाखवून दिलं. आपल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ व. ना. नाईक यांनी मराठवाड्याच्या वनस्पतींचा दोन खंडांचा कोश १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. कुठल्या डोंगरावर तेव्हा काय उगवत होतं याची नोंद आपल्याकडं आहे ती अशा कामामुळं. आज काय नाहीसं झालं, हे सांगायला असा जुना आधार लागतोच.

जगात डोंगरांचा अभ्यास

अलेक्झांडर फॉन हंबोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ १८०२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वतावर चढला. जसजसं वर जावं तसतशी झाडं बदलतात, जणू विषुववृत्तापासून ध्रुवाकडंच निघालोय, हे त्यानं चित्र काढून मांडलं. थोड्या अंतरात हवामान इतकं बदलतं म्हणून डोंगर ही निसर्गाची प्रयोगशाळा मानली जाते. आज काठमांडूची 'इसिमोड' आणि अल्मोड्याजवळची गोविंद बल्लभ पंत राष्ट्रीय हिमालयी पर्यावरण संस्था हिमालयावर काम करतात. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातला एक तृतीयांश बर्फ या शतकाअखेर जाईल, असा इशारा इसिमोडच्या २०१९ च्या अहवालानं दिला. गंगेला निदान बर्फाचा काही आधार आहे. आपल्या गोदावरीला तोही नाही. तिची सगळी भिस्त पावसावर आणि डोंगरानं मुरवून ठेवलेल्या पाण्यावर.

अहवाल आले, पुढं काय?

गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. नंतर २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला. केंद्रानं मसुदा अधिसूचना काढल्या, ३१ जुलै २०२४ ला सहाव्यांदा. त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील म्हणून प्रस्तावित होतं. खाणी, मोठी बांधकामं यांवर बंधनं येतील म्हणून विरोध झाला. डोंगरातल्या गावांना आपल्या घर-शेतीवर गदा येईल, ही भीती वाटते. ती भीती समजून न घेता नुसते नियम लादले तर ते टिकणार नाहीत. दुसरीकडं २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर फोडण्यावरून नाशकात मोठा आवाज उठला. गोदावरीच्या उगमावरचा हा प्रश्न. पण खालच्या अंगाला, आपल्याकडं, त्याची फारशी चर्चा झाली नाही.

आपण भांडतो ते पाण्याच्या वाटपावर. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा जिवंत साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे सूत्र मेंढेगिरी समितीच्या अहवालातून आलं आणि २०१४ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशानं ते लागू झालं. तो आपला हक्क आहे, त्यासाठी भांडलंच पाहिजे. २०१२-१३ च्या दुष्काळात मृतसाठ्यावर दिवस काढलेले आपण विसरलेलो नाही. पण वाटप होतं ते आलेल्या पाण्याचं. येणारं पाणी किती, कसं आणि किती गाळ घेऊन येईल, हे डोंगरावर ठरतं.

बिडकीनकरांनी काय करावं?

धरणाची रोजची पातळी बघताना घाटघर, रतनवाडी, इगतपुरी, त्र्यंबकचा पाऊसही बघावा. हवामान खातं आणि जलसंपदा विभागाचे आकडे रोज येतात. ते चार-पाच वर्षं वहीत टिपले तर गावातल्या पोरांनाही अंदाज बांधता येतो. शाळा-कॉलेजांनी सहल नेताना भंडारदऱ्याला नुसता धबधबा न दाखवता उगम आणि उतार दाखवावा. ग्रामसभेत पाण्याचा ठराव करताना नाथसागराच्या गाळाचा ताजा अहवाल मागावा. आणि त्र्यंबक, अकोल्याच्या पाड्यांवर झरे राखण्याचं, देवराया जपण्याचं काम चाललं असेल, तर ते त्यांचं गावचं काम आहे असं न समजता त्यामागं उभं राहावं. कारण तिथं मुरलेला थेंब त्यांच्या हंड्यातून उरून शेवटी आपल्याकडंच यायचा आहे.